आठ क्युसेकची मिसिसिपी

बाबा अमेरिकेत आले की त्यांना काय दाखवायचं, हा आमच्या घरातला जुना पेच. मॉलमध्ये ते कंटाळतात, म्युझियममध्ये दहाव्या मिनिटाला बाक शोधतात, आणि नायगरा मागच्या खेपेला झालेला. तेव्हा तो बघून ते एवढंच म्हणाले होते, "एवढं पाणी नुसतं पडतंय." पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं काढलेला माणूस. त्यांना पाणी आवडतं ते वळणारं, मोजता येणारं, कुठेतरी पोहोचणारं.

यावेळी ते एकटेच आले होते. आई गेल्यानंतरची ही पहिलीच खेप. मिनिआपोलिसमध्ये आमच्या घरापासून मिसिसिपी गाडीने वीस मिनिटांवर आहे. शनिवारी नातवाला घेऊन तिथल्या दगडी कमानींच्या पुलावर फिरायला जायचं आणि कठड्याला टेकून उभं राहायचं, असा त्यांचा क्रम झाला. एक दिवस घरी येऊन त्यांनी विचारलं, "ही येते कुठून गं?"

मी म्हटलं, "इथून उत्तरेला चार तासांवर एक तळं आहे, त्यातून. तिथे चालत नदी ओलांडता येते म्हणे."

"म्हणे म्हणजे? तू बारा वर्षं इथे राहतेस आणि बघितलं नाहीस?"

नव्हतं बघितलं. आईची एक सवय होती. बाबांकडच्या नातेवाइकांविषयी खोचक काही विचारलं की ती म्हणायची, "ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये." मी निदान नदीच्या बाबतीत तरी तिचं ऐकलं होतं.

आयटास्का स्टेट पार्क हे मिनेसोटातलं सगळ्यात जुनं राज्य उद्यान, 1891 सालचं. बत्तीस हजार एकरांहून मोठं, आत शंभरावर तळी. जुलैमध्ये तंबूची जागा मिळवणं म्हणजे दिवाळीत नाशिक-मुंबई रेल्वेचं रिझर्व्हेशन. लोक चार महिने आधी संगणकासमोर बसतात. आम्हाला कुणीतरी रद्द केलेली जागा मिळाली, पाइन रिज नावाच्या भागात, दोन रात्रींसाठी. नवऱ्याने तंबू, स्लीपिंग बॅग, शेगडी सगळं गाडीत कोंबलं. बाबा कडेला उभे राहून बघत होते. "म्हणजे पैसे देऊन जमिनीवर झोपायचं," ते म्हणाले. मग आत गेले आणि कानटोपी घेऊन आले.

वाटेत पार्क रॅपिड्स या गावात थांबून दोन वस्तू घेतल्या. एक लाकडं. घरची लाकडं उद्यानात न्यायला बंदी आहे, कारण त्यांतून झाडं पोखरणारे किडे प्रवास करतात. मंजूर केलेलं सरपणच न्यावं लागतं. दुसरी वस्तू म्हणजे वाइल्ड राइस, काळे लांब दाणे. दुकानातल्या बाईने सांगितलं की हा ओजिब्वे लोकांचा 'मनोमिन'. तो इथल्या तळ्यांच्या उथळ पाण्यात आपोआप उगवतो. डोंगीत बसून काठीने ओंब्या वाकवायच्या, दुसऱ्या काठीने हलकेच झोडपायच्या. दाणे डोंगीत पडतात, उरलेले पाण्यात पडतात आणि पुढच्या वर्षी उगवतात. बाबांनी पिशवी हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला. "पेरणी नाही, पाणीपट्टी नाही," ते म्हणाले. मग किंमत वाचून त्यांनी ती परत ठेवली. मी गुपचूप उचलली.

तंबू ठोकून होईतो संध्याकाळचे सात वाजले होते, पण ऊन दुपारच्यासारखं. जुलैत तिकडे सूर्य नऊनंतर मावळतो आणि उजेड दहापर्यंत रेंगाळतो. डासांना मात्र घड्याळ लागत नाही. मिनेसोटात डासाला विनोदाने राज्यपक्षी म्हणतात. आम्ही बाह्या ओढून, मोजे विजारीवर चढवून बसलो. मोजे गोचिडांसाठी, कारण तिथल्या हरणांवरच्या गोचिडीपासून लाइमचा आजार होतो. जेवण झाल्यावर शिल्लक पोळी-भाजीपासून टूथपेस्टपर्यंत वासाचं सगळं गाडीत बंद केलं. अस्वलं येतात. पलीकडच्या तंबूस्थळाचं नावच मुळी बेअर पॉ. बाबांच्या खिशात खडीसाखरेची पुडी सापडली, तीही जप्त झाली. सत्तरीत असं कुणी झडती घेतं म्हणून ते जरा घुश्शातच झोपायला गेले.

रात्री दोनच्या सुमाराला तळ्याकडून आवाज आला. लांब, चढत जाणारा, कुणी तरी टाहो फोडावा तसा. लगेच दुसऱ्या बाजूने तसंच उत्तर. मी उठून बसले. बाबा जागेच होते. लून हा इथला खराखुरा राज्यपक्षी, मोठ्या बदकासारखा, ठिपक्याठिपक्यांच्या पाठीचा. त्याची हाक पूर्वी रेकॉर्डिंगमध्ये ऐकली होती, पण अंधारात पाण्यावरून येते तेव्हा ती वेगळीच असते. बराच वेळ आम्ही दोघं काही न बोलता ऐकत होतो. मग बाबा हळूच म्हणाले, "हिला हे आवडलं नसतं." आई रात्री मांजर रडलं तरी रामरक्षा म्हणायची.

सकाळी पोहे खाऊन उगमाकडे निघालो. वाहनतळापासून पाइनच्या झाडांतून थोडंसं चालायचं. वास राळेचा आणि ओल्या मातीचा. झाडी संपते तिथे आयटास्का तळ्याचं उत्तरेचं टोक आहे. तिथे एक ओळ दगडांची, आणि दगडांच्या फटींतून पाणी पलीकडे उतरतंय. बस, एवढंच. शेजारी एक ओंडका उभा केलाय, त्यावर कोरून रंगवलेली अक्षरं. समुद्रसपाटीपासून 1475 फुटांवर इथे मिसिसिपी सुरू होते आणि 2552 मैल जाऊन मेक्सिकोच्या आखाताला मिळते, असं ती सांगतात. बाकी ठिकाणी लांबी यापेक्षा दोनशे मैलांनी कमी छापलेली आढळते. एवढी वळणावळणाची नदी, तिची वळणं बदलतात, माणसं सरळ करतात. आकडे जुळायचे कसे?

लोक दगडांवरून उड्या मारत पलीकडे जात होते. आज्या, लहान मुलं, एक कुत्रा. कुणी दगड सोडून सरळ पाण्यातून, गुडघाभर. आमच्या चिरंजीवांनी तीन फेऱ्या केल्या आणि चौथीला शेवाळावरून घसरून बसकण मारली. त्याला उचलायला बाबा घाईने उतरले तर त्यांच्या डाव्या पायातली सँडल निघाली. ती तळाच्या वाळूला लागली, फिरली आणि निघाली आखाताकडे. वीस पावलांवर एका टोपीवाल्या गृहस्थाने ती अडवली आणि दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तशी, परत आणून दिली. बाबांनीही नकळत दोन्ही हातांनी घेतली.

सँडल घालायला ते काठावर बसले आणि तिथूनच दगडांच्या ओळीकडे बघत राहिले. मला वाटलं दम लागलाय. मी पाणी नेलं, तर म्हणाले, "हे नैसर्गिक नाही."

"काय?"

"हे दगड. बघ, ओळ सरळ आहे. माथा सगळीकडे एका पातळीत आहे. तळ्याचं पाणी वरच्या अंगाला धरून ठेवलंय आणि इकडे सारखं सोडलंय. हा बंधारा आहे, वर दगड लावलेत. पुढचा प्रवाहही बघ, कसा आखल्यासारखा चाललाय. आणि या बाजूला दलदल असणार होती. भर घातलीय."

मी म्हटलं, "बाबा, जगप्रसिद्ध उगम आहे हा." ते म्हणाले, "असेल. बंधारा पण आहे."

पुढे मी माहिती केंद्रात वाचलं आणि गप्प बसले. 1930 च्या दशकात, मंदीच्या काळात, सरकारने बेकार तरुणांच्या तुकड्या उद्यानांतल्या कामांना लावल्या होत्या. त्यांनी इथलं चिखलाचं पाणथळ बुजवलं, नदीला नवं पात्र खणून दिलं आणि तळ्याची पातळी राखणारा बांध घालून त्यावर हे दगड रचले. कारण लांबून येणाऱ्या लोकांची निराशा व्हायची. एवढी मोठी नदी, आणि ती दलदलीतून कुठून तरी, कशीबशी सुरू होते, हे बघवत नसे. ओलांडता येईल, फोटो काढता येईल असा उगम हवा होता, तो करून दिला.

माझा जरा विरस झाला, खोटं कशाला बोलू. बाबांचा अजिबात नाही. उलट ते खूश होते. "त्र्यंबकला काय आहे?" ते म्हणाले. आम्ही नाशिकचे, माझ्या मुंजीच्या वयाच्या चुलतभावांना घेऊन ते दर श्रावणात ब्रह्मगिरी चढायचे. "गंगा ब्रह्मगिरीवर आली आणि सारखी गुप्त व्हायला लागली. मग गौतमाने कुशावर्तात चारी बाजूंनी कुश टाकून तिला अडवली. म्हणजे काय केलं? बंधाराच घातला की. आपलं खातं तेव्हापासूनचं आहे."

मग त्यांनी नातवाला कामाला लावलं. पाण्यात काडी टाकून वेग काढायची जुनी पद्धत. दगडांच्या खाली जिथे पात्र सरळ आहे तिथे तीस फुटांचं अंतर पावलांनी मोजलं, दोन्ही टोकांना मला आणि नवऱ्याला उभं केलं. पाइनची काडी सोडायची, घड्याळ बघायचं. एक काडी काठाला अडकली, दुसरी एका छोट्या मुलीने पळवली. उरलेल्या चार काड्यांची सरासरी पन्नास सेकंद. रुंदी सोळा फूट. खोली नातवाच्या नडगीवर पाच ठिकाणी मोजून सरासरी एक फूट. वरच्या थराचं पाणी तळापेक्षा वेगाने जातं, म्हणून आलेल्या वेगाचे पंच्याऐंशी टक्के धरायचे. पोह्यांच्या डब्याच्या झाकणावर बोटाने हिशेब झाला आणि बाबांनी जाहीर केलं, "आठ क्युसेक. आपल्याकडची एक चारी."

माहिती केंद्रात सरासरी विसर्ग सहा घनफूट प्रतिसेकंद दिला होता. "गेल्या आठवड्यात पाऊस झालाय ना, म्हणून आठ," बाबा म्हणाले. शेजारीच लिहिलं होतं की न्यू ऑर्लिन्सला ही नदी सहा लाख घनफुटांनी वाहते, आणि इथला थेंब तिथे समुद्राला मिळायला साधारण नव्वद दिवस लागतात. नातवाने लगेच बोटं मोजली. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा.

इथला इतिहास मी निघण्याआधी थोडा वाचला होता, बाकीचा तिथे फिरता फिरता कळला. हेन्री रो स्कूलक्राफ्ट 1832 च्या जुलैत इथे पोहोचला आणि त्याने उगम 'शोधला' असं पाठ्यपुस्तकात असतं. त्याला इथवर आणलं ते ओझाविंडिब या ओजिब्वे पुढाऱ्याने, डोंग्या खांद्यावर घेऊन, तळ्यातळ्यांमधून. म्हणजे वाट दाखवणाऱ्याला उगम आधीपासून ठाऊक होता. शोधायचं राहिलं होतं ते फक्त पाहुण्याने. तळ्याला ओजिब्वेत एल्क हरणांचं तळं म्हणतात. स्कूलक्राफ्टने सोबतच्या पाद्र्याला 'खरा उगम' याला लॅटिनमध्ये काय म्हणतात ते विचारलं. उत्तर आलं 'व्हेरिटास कापुट'. त्याने दोन्ही टोकं छाटली, मधली अक्षरं जोडली आणि इटास्का केलं. तिथले लोक आयटास्का म्हणतात. नाव ऐकून एखाद्या जुन्या आदिवासी राजकन्येचं वाटतं, निघतं कात्रीने कापलेलं लॅटिन. 'मिसिसिपी' मात्र ओजिब्वेच, मोठी नदी. गंमत म्हणजे ते स्वतः या वरच्या भागाला मोठी नदी म्हणत नसत. तळ्यागणिक नदीचं नाव बदलायचं, आणि इथली ही चारी म्हणजे एल्क नदी. असं नाव ठेवलं की मूळ शोधायची वेळच येत नाही. आईला पटलं असतं.

बाहेरून आलेल्यांची भांडणं त्यानंतर पन्नास-साठ वर्षं चालली. तळ्याला वरून ओढे मिळतात, मग खरा उगम तळं की ओढा? 1881 मध्ये विलर्ड ग्लेझिअर नावाच्या एका हौशी कॅप्टनने वरच्या एका तळ्याला खरा उगम ठरवून स्वतःचं नाव देऊन टाकलं. त्याच्या पुस्तकातला मजकूर स्कूलक्राफ्टच्या पुस्तकातून उचललेला निघाला. हा घोळ निस्तरायला जेकब ब्रॉवर आला, मोजणी केली, आणि मोजता मोजता त्याच्या लक्षात आलं की उगम कुठला हे ठरेपर्यंत इथलं एकही झाड उभं राहणार नाही. लाकूडतोड दारात आली होती. त्याच्या खटपटीने 1891 मध्ये उद्यानाचा कायदा झाला, तोही विधिमंडळात एका मताच्या फरकाने.

कायदा झाला म्हणून तोड थांबली असं नाही. माहिती केंद्राला जिचं नाव आहे ती मेरी गिब्ज ही त्याच काळातली. वडील उद्यानाचे आयुक्त होते, ते 1903 मध्ये वारले आणि पद तिच्याकडे आलं. वय चोवीस. तेव्हा तळ्याच्या तोंडाशी लाकूडवाल्यांचा बांध होता. हिवाळ्यात तोडलेले ओंडके वसंतात वाहून न्यायला ते तळ्यात पाणी तुंबवून ठेवायचे आणि एकदम सोडायचे.

"आवर्तन," बाबा म्हणाले. "लाकडांसाठी आवर्तन."

तुंबलेल्या पाण्याने काठची झाडं बुडून मरायला लागली. मेरी दरवाजे उघडायला सांगायला गेली. तिथे बंदूकवाला उभा होता. दांड्याला हात लावेल त्याला गोळी घालीन म्हणाला. तिने हात लावला. त्याने गोळी झाडली नाही. पण प्रकरण कोर्टात गेलं, लाकूडवाल्यांचं काम चालूच राहिलं, आणि काही महिन्यांत मेरीचं पदही गेलं.

मेरीची गोष्ट सांगणाऱ्या फलकापुढे बाबा फार वेळ उभे राहिले. संध्याकाळी शेकोटीपाशी त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मी पन्नाशीला आले तरी ऐकली नव्हती. दुष्काळाचं वर्ष. गंगापूर धरणाच्या डाव्या कालव्यावर त्यांची ड्यूटी. शेवटच्या गावांना पाणी पोहोचायचं तर वरच्या चारीचं दार रात्री बंद करायलाच हवं. रात्री अकरा वाजता ते आणि एक पाटकरी कंदील घेऊन गेले तर दारावर पंधरा-वीस माणसं बसलेली. कुणाच्या हातात कोयता, कुणाच्या हातात नुसता टॉवेल. सगळे ओळखीचे. एकाच्या घरी त्याच महिन्यात बारशाला जेवून आलेले. कुणी शिवी दिली नाही. एक जण इतकंच म्हणाला, "साहेब, दाराला हात लावू नका."

"मग?" नवऱ्याने विचारलं.

"मग काय. मी बसलो त्यांच्याशेजारी. पहाटेपर्यंत. तंबाखू खाल्ली."

"दार?"

"उघडंच राहिलं. शेवटच्या गावाला पाणी गेलं नाही त्या खेपेला." त्यांनी शेकोटीत एक फाटा सरकवला. "ती पोर चोवीस वर्षांची होती."

आणखी कुणी काही बोललं नाही. लाकूड ओलं होतं, धूर सगळा बाबांच्याच बाजूला जात होता.

दुसऱ्या दिवशी वाइल्डरनेस ड्राइव्ह नावाचा दहा मैलांचा एकेरी रस्ता घेतला. त्यात बघण्यासारखं पुष्कळ आहे. मी धावतं सांगते, कारण आम्हीही धावतंच बघितलं. 1937 मध्ये हा रस्ता करताना सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीची गव्यांची हाडं निघाली, पाणी ओलांडणाऱ्या गव्यांना गाठून मारणाऱ्या शिकाऱ्यांची जागा. आता तिथे गवत आणि एक फलक. आगीवर नजर ठेवायचा शंभर फुटी लोखंडी मनोरा आहे, त्यावर एका वेळी मोजकीच माणसं चढू देतात. नवरा आणि मुलगा गेले, मी अर्ध्यातून परत फिरले. मन रेंगाळलं ते मात्र या रस्त्याबाहेरच्या प्रीचर्स ग्रोव्ह या राईत. तीनशे वर्षांच्या घरातले लाल पाइन, पंचवीस-तीस हात फांदीच नाही, खोडं गुलाबी तांबूस खवल्यांची, आणि खाली सुयांचा थर इतका जाड की पावलांचा आवाज येत नाही. हे एवढे सरळ, एका वयाचे कसे, तर अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे मोठा वणवा लागला आणि त्या राखेतून ही पिढी उगवली. त्यांच्या सावलीत नवं रोप मात्र दिसत नाही. लाल पाइनला उघडी जमीन आणि ऊन लागतं, आणि आपण वणवे विझवत आलो.

परतल्यावर मी लपवलेला मनोमिन बाहेर काढला आणि मुगाची डाळ घालून खिचडी टाकली. पाऊण तास झाला, दाणे टणक. तास झाला, गॅसची डबी संपली. दुसरी डबी लावली. शेवटी दाणे उकलले, आत पांढरे, बाहेर काळे, वास भाजलेल्या शेंगांसारखा. डाळीचा तोवर पार गंध झाला होता. सगळ्यांनी दोनदा घेतली. बाबांनी चार चमचे पाण्यात सोडायला ठेवले. "पुढच्या वर्षीचं बी," म्हणाले. शिजवलेलं उगवत नाही, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. शिवाय अन्न बाहेर ठेवायला बंदी होती, म्हणून तेही डब्यात गेलं.

निघताना नातवाने पुन्हा उगमाशी जाऊन एक काडी सोडली आणि फोनच्या कॅलेंडरमध्ये नव्वदाव्या दिवशी खूण केली. बाबा सप्टेंबरअखेर नाशिकला परतले. ऑक्टोबरमध्ये एका शाळेच्या सकाळी, दप्तर पाठीला लावलेलं असतानाच, त्याने व्हिडिओ कॉल लावला.

"आजोबा, आज काडी समुद्रात पोहोचली असेल!"

तिकडे संध्याकाळ होती. बाबा ओट्यापाशी चहा गाळत होते. त्यांनी चहा पुरता गाळला, गाळणं झटकलं, आणि मग म्हणाले, "छे रे. वाटेत विनिबिगोशिश तळ्याला धरण आहे. तिथेच अडकली असेल कचऱ्यात."